सरकारचा पैसा, संस्थेची शाळा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायचं आहे ते शाळेच्या पैशाबद्दल. आपण भरलेल्या करातून सरकार शिक्षणावर जो खर्च करतं, तो हा पैसा. तो फक्त सरकारच्या शाळांवर खर्च व्हावा, की खासगी संस्थांच्या शाळांनाही द्यावा, हा वाद अधूनमधून पेट घेतो. चहाच्या टपरीवर विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकजण म्हणतो, "जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडल्यात, मग तोच पैसा खासगी शाळेला दिला तर बिघडलं कुठे?" दुसरा म्हणतो, "त्यांनी शिक्षणाची दुकानं मांडलीत. त्यांना आपल्या खिशातून का म्हणून द्यायचं?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण सरकारी शाळा आणि खासगी शाळा यांच्यात एक पक्की भिंत आहे, असं दोघेही धरून चालतात. आपल्या महाराष्ट्रात तशी भिंत कधीच नव्हती.

मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतो. आमच्या भागात कुणाला विचारा, तुमचं मूल ज्या हायस्कुलात जातं ते सरकारी की खासगी? माणूस बुचकळ्यात पडतो. शाळा संस्थेची, पाटीवर नाव संस्थेचं, मुख्याध्यापक नेमणार संस्था. पण शिक्षकांचा पगार सरकारच्या तिजोरीतून आणि फी नाममात्र. मग तिला म्हणायचं काय? आपल्याकडे पहिलीपासूनची शाळा बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची असते आणि पुढचं हायस्कूल बहुधा एखाद्या संस्थेचं. खासगी संस्थेला सरकारचा पैसा देणं ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही, तिला पावणेदोनशे वर्षं होत आली. म्हणून खरा प्रश्न 'द्यावा की देऊ नये' एवढाच नाही. कुठल्या अटीवर द्यायचा आणि त्याचा हिशेब कोणी मागायचा, हेही विचारायला हवं.

१८५४ चा खलिता

ही गोष्ट सुरू होते १९ जुलै १८५४ या दिवशी. त्या तारखेला चार्ल्स वुड यांचा शिक्षणाविषयीचा प्रसिद्ध खलिता लंडनहून हिंदुस्थानसाठी निघाला. कंपनी सरकारपुढची अडचण साधी होती. एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे स्वतःच्या शाळा काढायला सरकारची तयारी नव्हती. मग तोडगा निघाला, की स्थानिक लोकांनी, संस्थांनी, मिशनऱ्यांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावं.

पण ते अनुदान असंच मिळणार नव्हतं. शाळेत व्यवहारोपयोगी शिक्षण चांगलं मिळालं पाहिजे, कारभार पाहणारी स्थानिक मंडळी जबाबदार असली पाहिजेत, सरकारी तपासनिसाला शाळा दाखवली पाहिजे आणि थोडी का होईना फी घेतली पाहिजे, अशा अटी होत्या. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या धर्मात सरकार लक्ष घालणार नव्हतं. आजही अनुदानाचा वाद या अटींभोवतीच फिरतो. फीची अट तेवढी कालांतराने उलटी झाली. तेव्हा 'फी घ्या' असं सांगायचे, आज 'फी घेऊ नका' असं सांगावं लागतं.

जोतीरावांचा आक्षेप

या व्यवस्थेवर पहिला मोठा आक्षेप घेतला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. जोतीरावांनी त्याच्यापुढे आपलं निवेदन ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो, पण तो शिक्षणावर खर्च होतो तेव्हा वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो आणि खेड्यातलं प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, चांगले प्रशिक्षित शिक्षक द्या, अशी त्यांची मागणी होती.

त्याच निवेदनातला आणखी एक मुद्दा फारसा सांगितला जात नाही. शाळा-कॉलेजं खासगी हातांत सोपवून सरकारने अंग काढून घ्यावं, हा विचार त्या काळीही जोर धरत होता. जोतीरावांनी त्याला विरोध केला. सरकार बाजूला झालं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि इतक्या जातिधर्मांच्या या देशात सरकारने राखलेला तटस्थपणाही धोक्यात येईल, असं त्यांनी बजावलं. पैसा कोणाच्या कष्टाचा आणि तो पोहोचतो कोणाच्या मुलांपर्यंत, हे दोन प्रश्न त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. सरकारी पैशाच्या कुठल्याही शिक्षण योजनेला आजही हीच दोन मापं लावावीत.

हंटर आयोगाने पुढे शिफारस केली, की प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे द्यावं आणि माध्यमिक शिक्षण शक्यतो अनुदान घेणाऱ्या खासगी संस्थांकडे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल संस्थेचं, ही आजची वाटणी तिथून आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांचा संसार त्यांच्याकडे गेला.

संस्था उभ्या राहिल्या

मधल्या काळात दोन्ही बाजूंनी मोठी कामं झाली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ही झाली सरकारची वाट. दुसरीकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत बहुजनांच्या मुलांना शाळेच्या दारात आणलं. मुंबईत त्याआधीच, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. मुसलमान समाजातल्या कितीतरी मुलामुलींसाठी तो आधुनिक शिक्षणाचा पहिला दरवाजा ठरला.

या संस्था कायद्याच्या भाषेत खासगीच. पण त्यांनी जिथे सरकार पोहोचलं नव्हतं तिथे शाळा नेली. म्हणून 'खासगी' हा शब्द ऐकला की नाक मुरडणं मला पटत नाही. तसंच 'खासगी' म्हणजे आपोआप चांगलं, हेही पटत नाही. रयतेच्या मुलांसाठी झोळी घेऊन फिरणारी संस्था आणि प्रवेशाच्या वेळी पालकाच्या खिशाचा अंदाज घेणारी संस्था, कायदा दोघींनाही एकाच नावाने ओळखतो. आपण मात्र त्यांच्यात फरक करायला शिकलं पाहिजे.

खासगी म्हणजे नक्की कोणती?

आज महाराष्ट्रात खासगी शाळा ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत. पहिली अनुदानित. तिथल्या मंजूर पदांवरच्या शिक्षक-शिक्षकेतरांचा पगार सरकार देतं आणि १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानुसार त्यांच्या नोकरीला संरक्षण असतं. दुसरी अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचा काही टक्केच भाग सरकारकडून येतो. तिसरी विनाअनुदानित. चौथी स्वयंअर्थसहाय्यित. २०१२ च्या कायद्याने आलेल्या या शाळा स्वतःच्या पैशावर, म्हणजे शेवटी पालकांच्या फीवर चालतात.

दुसऱ्या प्रकाराची कहाणी ऐकण्यासारखी आहे. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने नव्या शाळांना परवानगी देताना अट घातली, की कायम विनाअनुदानित राहायचं, पुढे कधीही अनुदान मागायचं नाही. शाळा निघाल्या, मुलं आली, शिक्षक लागले. यातल्या पुष्कळ शाळा मराठी माध्यमाच्या आणि खेड्यापाड्यातल्या. गरीब पालकांकडून फी घेणार तरी किती? मग शिक्षकांनी वर्षानुवर्षं नाममात्र मानधनावर काम केलं. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला. २०१६ मध्ये वीस टक्के अनुदान सुरू झालं. पुढचे टप्पे इतके सावकाश आले, की जुलै २०२५ मध्येही हे शिक्षक आझाद मैदानात पावसात बसले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारने स्वतः शाळा काढली नाही, संस्थेला काढू दिली आणि पैसाही दिला नाही. म्हणजे खर्च वाचला. पण तो वाचला कोणाच्या जिवावर? तरुण शिक्षकाच्या जिवावर, आणि जो शिक्षक शाळा सुटल्यावर दुसरं काम करून घर चालवतो, त्याच्या वर्गातल्या मुलांच्या जिवावर. अनुदान दिल्याने नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी अनुदान न दिल्याने काय होतं, तेही पाहावं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अनुदान पटावर मिळतं म्हटल्यावर पट फुगवण्याचा मोह आला. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावली. कागदावरची कितीतरी मुलं वर्गात सापडली नाहीत. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी तयार करून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. शिक्षक भरती पवित्र पोर्टलमार्फत करण्याचा निर्णय सरकारने २०१७ मध्ये घेतला, त्यामागेही संस्थांमधल्या नेमणुकांबाबतचा अविश्वास होता. पैसा सरकारचा आणि देखरेख कोणाचीच नाही, अशी स्थिती झाली की असं होणारच.

पंचवीस टक्क्यांची वाट

आता येतो आजच्या वादाचा गाभा. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने २१-अ हे कलम आलं आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यासाठीचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. आपण त्याला आरटीई म्हणतो. या कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांनाही सांगितलं, की प्रवेशाच्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्या, आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवा, तो खर्च सरकार भरून देईल.

भरपाईचं गणित असं : सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जितका खर्च करतं तो आकडा आणि खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. महाराष्ट्रात हा आकडा वर्षाला १७ हजार ६७० रुपये ठरला होता. करोनाच्या काळात, शाळा बंद असताना, तो आठ हजारांवर आणला गेला. म्हणजे एखाद्या शाळेची फी १२ हजार असेल तर तिला १२ हजार मिळतील आणि फी ४० हजार असली तरी १७ हजार ६७० च मिळतील. शिवाय हे पैसे वेळेवर येत नाहीत, अशी संस्थाचालकांची तक्रार असते आणि ती खोटी नाही.

दरवर्षी राज्यात या वाटेने साधारण एक लाख जागा उपलब्ध होतात आणि त्यांच्यासाठी तीन लाखांच्या आसपास अर्ज येतात. मग सोडत निघते. ज्याचं नाव निघालं त्याच्या घरी पेढे, उरलेल्यांची पुन्हा धावपळ. सोडतीत नाव निघालेल्या मुलाच्या घरीही खर्च पुरता सुटत नाही. गणवेश, शाळेची गाडी, सहल, कसल्या कसल्या उपक्रमांची वर्गणी. आणि आठवी संपली की कायद्याचं छत्र संपतं. चौदा वर्षांच्या मुलापुढे नववीच्या फीचा कागद येतो. नववीत ती फी भरायची की आठ वर्षांच्या सवंगड्यांना सोडून दुसरी शाळा धरायची, हा प्रश्न त्या घराला एकट्यानेच सोडवावा लागतो.

एक किलोमीटरचा नियम

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियमात बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांची अट राहणार नाही, असा तो बदल. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं तर ते गैर वाटत नाही. शेजारी सरकारची शाळा असताना खासगी शाळेला पैसे का मोजायचे? त्या पैशातून आपलीच शाळा सुधारावी. कर्नाटकाने डिसेंबर २०१८ मध्ये असाच बदल केला होता.

पण झालं काय? सरकारी आणि अनुदानित शाळा यादीत आल्यामुळे कागदावरच्या जागा एकदम वाढून आठ लाखांच्या वर गेल्या. अर्ज मात्र एक लाखाचा आकडाही गाठू शकले नाहीत. पालकांना जे हवं होतं तेच यादीतून गेलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश घ्यायला सोडतीची गरजच काय होती? मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. नियम मूळ कायद्याला आणि २१-अ कलमाला धरून नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. वुडच्या खलित्याला त्या दिवशी बरोबर १७० वर्षं झाली होती. योगायोगच, पण वाद किती जुना आहे ते त्यावरून कळतं.

न्यायालयाने हक्क राखला, हे चांगलंच झालं. पण त्याने जिल्हा परिषदेच्या शाळेचा प्रश्न सुटला नाही. पुन्हा गणितच मांडून दाखवतो. आरटीईच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन. समजा, एका गावातल्या शाळेत चौसष्ट मुलं आहेत, म्हणजे तीन शिक्षक. त्यातली पाच मुलं तालुक्याच्या गावी पिवळ्या गाडीतून जाऊ लागली. उरली एकोणसाठ. संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त ठरला. आता पाच वर्गांना दोन शिक्षक. ते पाहून आणखी दहा पालक विचार करू लागतात. गेलेल्या पाच मुलांच्या पालकांनी काही वाईट केलं नाही. प्रत्येकाने आपल्या लेकराचं भलं पाहिलं. पण मागे राहिलेल्या एकोणसाठ मुलांच्या वाट्याचा शिक्षक गेला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती सरकारने मागवली, तेव्हा त्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात निघाली. त्या एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आला. त्याच वर्षी कंपन्या आणि देणगीदारांसाठी शाळा दत्तक योजनाही आली.

वाडीवरचं मूल

आमच्या रोहा, पेण, सुधागड भागात डोंगराच्या कुशीत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. तिथे एक किलोमीटरच काय, पाच किलोमीटरमध्येही इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा नसते. तिथल्या मुलाला सोडतीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, नाहीतर आश्रमशाळा. दिवाळी सरली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मूल बरोबर जातं, हजेरी तुटते. या मुलाला पैसे देऊन 'जा, हवी ती शाळा निवड' म्हणणं म्हणजे बाजार नसलेल्या गावात बाजारहाटाला पाठवणं.

सरकारने आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याची योजना काढली आहे. मुलामागे ठरावीक रक्कम सरकार त्या शाळेला देतं. रायगड जिल्ह्यासाठी हे काम पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे आहे. हेतू चांगला, काही मुलांचं कल्याणही होतं. पण सहा-सात वर्षांचं मूल घरापासून लांब, आई-बाप वाडीवर, इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. तिथे काय शिकवतात, कसं जेवायला देतात, हे विचारायचं कोणी? पैसा देणारं सरकार हाच त्या मुलाचा पालक होतो. त्याने पालकासारखं वारंवार जाऊन पाहिलं तरच योजनेला अर्थ.

गोवा आणि जग

शेजारच्या गोव्यात हाच वाद भाषेच्या अंगाने पेटला. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांच्या शाळांनाच अनुदान, असं धोरण ठरलं. चर्चच्या शाळांनी त्या वेळी कोकणी माध्यम स्वीकारलं. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाचा निर्णय झाला आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. २०१२ मध्ये सरकार बदललं, तरी चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं. मुलाला कुठल्या भाषेत शिकवायचं हा निर्णय पालकाचा, हे मान्य. पण त्या निर्णयाचा खर्च सगळ्या समाजाने उचलायचा असेल, तर समाजाचं म्हणणंही ऐकावं लागतं, हा धडा तिथे मिळाला.

जगातली दोन उदाहरणं सांगतो. नेदरलँड्सने १९१७ च्या घटनादुरुस्तीने सरकारी आणि खासगी, बहुतेक धार्मिक, शाळांना सारखाच सरकारी पैसा द्यायचं ठरवलं. पण अशा शाळेला सक्तीची फी घेता येत नाही, शिक्षक पात्र लागतात आणि तपासणी चुकत नाही. चिलीने १९८१ पासून मुलामागे पैसे देणं सुरू केलं. शाळा नफा कमावू शकत होत्या, पुढे वरून फीही घेऊ लागल्या, मुलं निवडून घेऊ लागल्या. परिणाम असा झाला, की श्रीमंतांच्या शाळा वेगळ्या आणि गरिबांच्या वेगळ्या झाल्या. २००६ आणि २०११ मध्ये विद्यार्थी लाखांनी रस्त्यावर आले. शेवटी २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांतला नफा, फी आणि मुलं निवडणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. दोन्ही देशांत पैसा खासगी शाळांनाच गेला, पण अटी वेगळ्या होत्या.

आपल्या घरातलाही प्रश्न

एक प्रश्न मला माझ्या समाजालाही विचारायचा आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. अनुदान देताना सरकारने त्यांच्याशी भेदभाव करू नये, हेही त्याच कलमात आहे. हा हक्क मोलाचा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलं आणि २०१४ मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना. १ सप्टेंबर २०२५ रोजी मात्र त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं.

न्यायालय काय ते ठरवेल. पण कोकणातल्या मुसलमान घरांत काय चाललं आहे ते मी रोज पाहतो. आखातातून पैसा आला त्या घरातलं मूल फी भरून इंग्रजी शाळेत गेलं. मासळी विकणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या बापाचं मूल जिल्हा परिषदेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत राहिलं, आणि तिथला पट घटतो आहे. समाजाच्या नावाने सवलत घेणाऱ्या शाळेत समाजातल्या गरिबाचं मूल किती, हे कायद्याची वाट न पाहता आपणच विचारायला हवं. मी मराठीत लिहायला शिकलो तो अशाच सरकारी शाळेच्या बाकावर. तिथे शेजारी कोणाचं मूल बसलं आहे, हे कोणी विचारत नसे.

हिशेब मागूया

मग करायचं काय? मला वाटतं, सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला, ती कोणाचीही असो, चार प्रश्न विचारावेत. तुमचं दार परिसरातल्या कुठल्याही मुलाला उघडं आहे का? सरकारी पैसा घेऊन वर आणखी फी किंवा देणगी घेता का? शिक्षकाला ठरलेला पगार पूर्ण देता का? आणि आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब गावाला दाखवता का? चारही उत्तरं सरळ मिळाली तर शाळा संस्थेची असो की जिल्हा परिषदेची, तिला पैसा मिळायला हवा. नाही मिळाली, तर पैसा देणाऱ्याने हात आखडता घ्यावा.

सरकारलाही दोन प्रश्न आहेत. खासगी शाळेला द्यायचे पैसे वेळेवर का देत नाही? आणि तिथे मुलं गेली म्हणून मागे राहिलेल्या शाळेतला शिक्षक का काढून घेता? पट घसरलेल्या शाळेला शिक्षकाची गरज जास्त असते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी सेमी इंग्रजीचे वर्ग सुरू करून, गावाची वर्गणी जमवून गेलेली मुलं परत आणली आहेत. त्यांना थोडा वेळ आणि पुरे शिक्षक मिळाले तर हे आणखी होईल.

आणि आपलं काम? आरटीई कायद्यानेच जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला लागतात. पुष्कळ गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. बैठकीचं वही-पुस्तक घरी येतं, सही होते, संपलं. पुढच्या बैठकीला शाळेत जाऊन बसा. या वर्षी किती पैसा आला, कशावर खर्च झाला, किती पदं रिकामी आहेत, एवढं विचारा. ते विचारायला इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही. शेतात, भट्टीवर, कारखान्यात राबून ज्यांनी हा पैसा दिला, त्यांचा तो अधिकारच आहे.